मुलींच्या सॉकरमध्ये दोन-दोन ‘एलिट’ लीग कशाला? ईसीएनएल आणि जीए यांनी निदान शेजाऱ्यांचे सामने तरी लावावेत

जर्सीतला कोल्हापूरकर (धागाकर्ता)

माझी लेक तेरा वर्षांची आहे. मध्य न्यू जर्सीत ईसीएनएलच्या, म्हणजे एलिट क्लब्ज नॅशनल लीगच्या संघात मधल्या फळीत खेळते. शाळेतली तिची जिवलग मैत्रीण जीएच्या, म्हणजे गर्ल्स अकॅडमीच्या संघात आहे. दोघींची मैदानं वीस मिनिटांच्या अंतरावर, पण दोन वर्षांत दोघी एकमेकींसमोर लीगचा एकही सामना खेळलेल्या नाहीत, आणि खेळणारही नाहीत. मागच्या महिन्यात शनिवारी पहाटे साडेचारला निघून आम्ही व्हर्जिनियाला गेलो. सामना दीड तासाचा, जाऊन-येऊन प्रवास दहा तासांचा. परतताना पोरगी मागच्या सीटवर गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून गणिताचा गृहपाठ करत होती. आरशात ते बघताना पोटात कालवलं.

नवीन पालकांसाठी थोडक्यात: ईसीएनएल २००९ साली ४० क्लबांनी सुरू केली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने मुलींसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी नावाची स्वतःची लीग काढली आणि क्लबांची ओढाओढ सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, फेडरेशनने ती बंद केली. उघड्यावर पडलेल्या बऱ्याच क्लबांनी त्याच वर्षी जीए उभी केली. आता दोन्ही लीग म्हणतात, आम्हीच सर्वात वरच्या. दोन्हींच्या खाली आणखी एकेक पायरी आहे आणि पालक बाहीवरचा लीगचा बिल्ला बघून पोरीची किंमत ठरवतात.

मी कोल्हापुरात वाढलो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमकडे अख्खं गाव लोटायचं. एकाच गावातले संघ म्हणूनच ती ईर्षा होती. इथे शेजाऱ्याशी खेळायचं नाही आणि तीन राज्यं ओलांडून परक्याशी खेळायचं, याला मी खेळाची प्रगती मानत नाही. दोन्ही लीगनी एकत्र यावं असं माझं ठाम मत आहे.

बे एरियातली आई

दादा, प्रवासाचं दुःख कळतं. पण एकत्र येण्याला माझा साफ विरोध आहे, कारण ‘एकच सर्वोच्च लीग’ हा प्रयोग आमच्या घराने भोगलाय.

थोरली २०१८ मध्ये त्या डेव्हलपमेंट अकॅडमीत होती. जवळजवळ वर्षभर चालणारा हंगाम, आणि नियम असा की अकॅडमी आणि शाळेचा संघ एकाच वेळी नाही. नववीत तिच्या सगळ्या मैत्रिणी शाळेच्या जर्सीत शुक्रवारी रात्री दिव्यांखाली खेळायच्या आणि ही कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. तेव्हा तिला ईसीएनएलच्या क्लबात जाता आलं, कारण दुसरं दार उघडं होतं. तिथे शाळेकडून खेळायला मुभा होती. एकच दार असतं तर त्या नियमापुढे मान तुकवावी लागली असती, नाहीतर खेळ सोडावा लागला असता. अकॅडमी एका झटक्यात बंद झाली तेव्हाही मुलींना जायला जागा होती, ती दुसरी लीग जिवंत होती म्हणूनच.

ऑस्टिनकर, दोन मुलींचा बाप

दोघांचंही अर्धंच पटतं. स्पर्धा असावी, पण या लीग कशात स्पर्धा करतात ते बघा. प्रशिक्षण कोणाचं चांगलं, दुखापती कोणाकडे कमी, यात नाही. कोणाच्या शोकेसला, म्हणजे कॉलेजच्या कोचना मुली दाखवायला भरवलेल्या स्पर्धेला, किती कोच येतात, यात.

तुम्ही शोकेस पाहिलंय ना? तीन दिवसांत तीन सामने. विमानाचं तिकीट आपलं, हॉटेल आयोजकांनी ठरवून दिलेल्या यादीतलंच घ्यायचं. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून कोच बसतात, हातात संघाची यादी, एखाद्या नावापुढे खूण करतात आणि मध्यंतरातच उठून दुसऱ्या मैदानाकडे जातात.

माझ्या धाकटीचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तिसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या सामन्यात गेला. कोणी ढकललं नाही, काही नाही. वळताना पाय रुतला आणि ती खाली बसली. तो आवाज मी बाजूच्या रेषेवरून ऐकला. नऊ महिने घरात. या वयात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते हे सगळ्या क्लबांना ठाऊक आहे. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं नीट उड्या मारण्याचे, उतरण्याचे, वळण्याचे व्यायाम घेतले तर धोका बराच कमी होतो, हेही ठाऊक आहे. पण तिच्या क्लबात तो वेळ कोणाला नव्हता. उद्या एखाद्या लीगने जाहीर करावं की आमच्याकडे तीन दिवसांत दोनपेक्षा जास्त सामने नाहीत, मी त्याच दिवशी पोरीला तिकडे घालतो.

गोलकीपरचे बाबा, शार्लट

एक कडू गोष्ट मांडतो. बिल्ला महत्त्वाचा आहे.

कॉलेजच्या कोचला मुलीशी थेट बोलता येतं ते दहावीनंतरच्या १५ जूनपासून. त्याआधी त्याने कोणाला बघून ठेवायचं? देशभर मैदानं आहेत, कोच दोन-तीनच. तो तिथेच जाणार जिथे एका आवारात शंभर चांगल्या मुली दिसतील. त्यात कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेवरच्या खटल्यात २०२५ साली कोर्टात तडजोड झाली, त्यानंतर गणित बदललंय. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटात, मुलींच्या संघाला १४ स्कॉलरशिपची मर्यादा होती, ती तुकडे करून वाटायचे. आता तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपवर बंधन नाही, पण संघात २८ च जणी. म्हणजे मोठ्या संघांतल्या शेवटच्या बाकावरच्या जणी गेल्या. जागा आटल्या की कोच ओळखीच्या लीगकडेच बघणार.

सगळ्यांना एकत्र केलंत तर दर शनिवारी ८-० चे सामने होतील. माझी मुलगी गोलकीपर आहे. दुबळ्या संघासमोर ती नव्वद मिनिटं नुसती उभी राहते, त्यातून ती काय शिकणार?

जर्सीतला कोल्हापूरकर

बे एरियाच्या ताई, शाळेच्या संघाचा मुद्दा मला माहीत नव्हता. एकच संस्था नको, हे मान्य. माझी मागणी आखडती घेतो: लीग दोन राहू देत, पण तासाभराच्या अंतरातल्या क्लबांचे सामने दोन्हींच्या वेळापत्रकात धरावेत.

शार्लटकर, ८-० चं मात्र पटत नाही. आमच्या भागातले जीएचे दोन संघ आम्हाला सरळ हरवतील, आणि आमच्या लीगमधले तळाचे दोन आजही ६-० ने हरतात. वर-खाली जाण्याची सोयच नाही, क्लबाला जागा मिळाली की मिळाली. मग बिल्ल्यावरून दर्जा कसा ठरवणार?

दोन्हीकडे खेळलेली

मी आता कॉलेजात आहे, डिव्हिजन थ्री. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी चौदाची असताना आमच्या क्लबाने एका लीगमधून दुसरीत उडी मारली. पालकांना मंगळवारी रात्री ईमेल आला. गुरुवारच्या सरावाला अठरातल्या नऊ जणी आल्या. बाकीच्यांच्या आईबाबांनी आधीच दुसरे क्लब गाठले होते. ज्या मुलीबरोबर मी सात वर्षं बचाव सांभाळला, ती निरोप न घेता गेली. तिची चूक नव्हती. तुम्ही सगळे दारं, कोच, अंतर मोजताय, ते बरोबरच आहे. पण मुली आपापसात हे कधीच बोलत नाहीत की लीग कोणती. आम्ही बोलायचो की उद्या सुरुवातीच्या अकरांत कोण आहे आणि गाडीत कोणाशेजारी बसायचं.

बे एरियातली आई

हे वाचून गलबलून आलं.

अमेरिकेच्या संघातली बचावपटू नेओमी गिर्मा आमच्या सॅन होजेची. तिच्या वडिलांनी इथल्या इथिओपियन कुटुंबांच्या मुलांसाठी मलेदा सॉकर नावाने सुट्टीच्या दिवशी खेळ सुरू केला होता, तिथे ती खेळायला लागली. मोठे क्लब नंतर आले. २०२५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या चेल्सी क्लबने तिच्यासाठी दहा लाख डॉलरपेक्षा जास्त मोजले, बायकांच्या फुटबॉलमध्ये तेवढी रक्कम पहिल्यांदाच. म्हणून विचारते, दादा, लीगच्या परवानगीची वाट कशाला बघता? मैदान भाड्याने घ्या, दोघींच्या संघांना बोलवा.

जर्सीतला कोल्हापूरकर

दोन्ही कोचना काल विचारलं. मैत्रिणीच्या कोचने लगेच होकार दिला. आमच्या कोचचं म्हणणं, मेपर्यंत तारीख नाही, सगळे शनिवार-रविवार लीगने घेतलेत. जूनमधला एक रविवार मागितलाय.

ऑस्टिनकर, दोन मुलींचा बाप

तारीख ठरली तर एवढंच बघा, आदल्या दिवशी दोन्ही संघांना सामना नको.