मदत हवी आहे : मांड्यांसाठी चांगलं खापर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मी जळगावची. आमचं खापर (चुलीवर पालथं घालून मांडे भाजायचं मातीचं भांडं) गेल्या आठवड्यात तडकलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या, हवेतच, नुसत्या गोड सांजोऱ्यांवर भागणार नाही.

हौस म्हणून दुकानं पालथी घालणं मला जमत नाही. लागेल तेच घ्यायचं, तेही शक्यतो करणाऱ्याच्या हातून. पण परवा घाईत एका शोभेच्या दुकानातून खापर आणलं. दिसायला गुळगुळीत, वाजवलं तर बद्द आवाज! चुलीवर पालथं घातलं, पहिला मांडा हातावर पसरून टाकला, तो मधे कच्चा आणि कडेला करपलेला. (सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.)

तर जळगाव, धरणगाव, अमळनेर भागात स्वतः भट्टी लावणारे कुंभारदादा कोणत्या आठवडे बाजारात बसतात? घेताना आवाजाशिवाय काय पाहायचं? आणि नवं खापर पहिल्यांदा तापवायची तुमच्याकडची रीत कोणती?

जाता जाता, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या बाजारात बांबूचं घट्ट विणीचं सूप मिळतं का? एकच हवंय, पण त्यासाठी बसने यायची तयारी आहे.