‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टु हेवन’ सलग कसा ऐकावा?

कोरी_पाटी: मॉन्ट्रिऑलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या बँडचा २००० सालचा हा डबल अल्बम मोबाइलवर, हेडफोन लावून सलग ऐकायचाय. चारच ट्रॅक, पण मिळून ८७ मिनिटं. सुरुवातीला नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की पुढे कानठळ्या बसतात. शिवाय मध्येच धागा सुटतो. काय करावं?

मंद्र_सप्तक: आवाज शांत भागावर लावताय, तिथेच गडबड होतेय. आधी तिसरा ट्रॅक ‘स्लीप’ उघडा आणि अकराव्या ते तेराव्या मिनिटाचा दणदणीत भाग वाजवा. तिथे कानाला त्रास होणार नाही इतका आवाज ठेवा, मग शेवटपर्यंत हात लावू नका. पहिल्या ट्रॅकची, ‘स्टॉर्म’ची सुरुवात बारीक वाटेल, वाटू द्या. तिथे वाढवलात तर पुढची चढण सपाट होते.

स्पॉटिफायवर असाल तर क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणारी सोय) शून्यावर आणा, शफल बंद करा. व्हॉल्यूम लेव्हल ‘लाउड’ असेल तर ‘नॉर्मल’ करा. ‘लाउड’मध्ये लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारी सोय, लागतो आणि मोठ्या आवाजाचे भाग दाबले जातात. पंखाही बंद करा, शांत भागातली गुणगुण त्यातच बुडते.

दुसरी_बाजू: धाग्याचं म्हणाल तर प्रत्येक ट्रॅकच्या पोटात वेगवेगळे भाग आहेत. ‘स्टॉर्म’चा पहिला ६:१५ ला संपतो, दुसरा थेट १७:२५ पर्यंत चालतो. त्यानंतर दुकानातली घोषणा येते आणि ट्रॅक संपला असं वाटून बरेच जण पुढे ढकलतात. ढकलू नका, अजून पाच मिनिटं आहेत.

सगळी वाद्यं एकदम पकडायला जाऊ नका. गिटारच तीन आहेत, ड्रमर दोन. विलंबित ख्यालात तबल्याचा ठेका धरून बसतो तसे ड्रम्स धरा, बाकीचे थर त्यावर आपोआप सुटे ऐकू येतात. ‘स्लीप’मधला तो विव्हळणारा सूर मात्र चुकवू नका, तो स्क्रू-ड्रायव्हरने वाजवलेल्या गिटारचा आहे.

मंद्र_सप्तक: भागांच्या वेळा पहिल्या खेपेला समोर ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. नजर घड्याळावर जाते आणि माणूस पुढच्या वळणाची वाट बघत बसतो. दुसऱ्या खेपेला जरूर ठेवा.

कोरी_पाटी: आणि ८७ मिनिटं बसणं जमलंच नाही तर?

दुसरी_बाजू: दुसरा ट्रॅक ‘स्टॅटिक’ संपल्यावर थांबा, ४५ मिनिटं होतात. पहिली सीडीही तिथेच संपते. ट्रॅकच्या मध्ये मात्र तोडू नका.