'मॉडिफिकेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

— पोटाच्या कॅन्सरवरचा लेख मराठीत करतेय, 'नॉनकोडिंग आरएनए मॉडिफिकेशन'पाशीच अडकले. कोशात मॉडिफिकेशन म्हणजे सुधारणा, पण कॅन्सरमधे सुधारणा लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल पेशंट बरा होतोय :) आणि नॉनकोडिंगला 'निरर्थक' चालेल का?

— निरर्थक अजिबात नको. त्यातनं प्रोटीन बनत नाही एवढंच, बाकी उद्योग भरपूर. मायक्रोआरएनए हा असाच छोटा आरएनए, जेमतेम २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक रासायनिक घटक) पण दुसऱ्या जीनचं तोंड बंद करतो, त्याच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालंय. मी 'असंकेती' लिहितो, ऐकायला रुक्ष आहे पण खोटं नाही.

— मग मॉडिफिकेशनला उत्परिवर्तन म्हणा की सरळ.

— नाही हो, ते म्युटेशन, तिथे अक्षरच बदलतं. इथे अक्षर तेच राहतं, वर काना-मात्रा चढते. एम६ए (m6A) हे मॉडिफिकेशन घ्या, अॅडेनोसिन या अक्षराला मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटतो बस्स, आणि मेटल-३ (METTL3) हे एन्झाइम मेटल-१४ (METTL14) या प्रोटीनच्या जोडीनं तो चिकटवतं. लिव्हरच्या कॅन्सरमधे मेटल-१४ कमी झालं की मायक्रोआरएनए-१२६ नीट तयार होत नाही आणि कॅन्सर पसरायला वाव मिळतो, उलट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधे मेटल-३ वाढलं की मायक्रोआरएनए-१२४६ जास्त तयार होतो आणि तरी कॅन्सर पसरतोच! म्हणजे खूण कमी पडली तरी घोळ, जास्त झाली तरी घोळ. म्हणून सुधारणाही नको आणि बिघाडही नको, चांगलंवाईट न ठरवणारा शब्द हवा. फेरफार म्हटलं की कुणीतरी लबाडी केल्यासारखं वाटतं. माझं मत 'रासायनिक खूण'ला.

— काना-मात्रा आवडलं पण सगळीकडे बसत नाही. एडार (ADAR) एन्झाइम अॅडेनोसिनचं इनोसिन करतं आणि पेशी ते 'जी' (G) या दुसऱ्याच अक्षरासारखं वाचते, तिथे अक्षर बदललंच की. त्याला 'संपादन' म्हणावं लागेल.

— बरोबर, तेवढा अपवाद.

— ओके, 'खूण' फायनल. खूण चिकटवणारे रायटर, काढणारे इरेजर, ओळखणारे रीडर, त्यांना लेखक, खोडरबर, वाचक? खोडरबरला हसू येतंय.

— लिहिणारं, खोडणारं, वाचणारं एन्झाइम म्हणा. नाही नाही, वाचणारं 'प्रोटीन', ती बहुतेक एन्झाइम नसतात. आणि तो 'पोटाचा कॅन्सर' पण बदला, लोक फक्त जठर समजतात. अन्ननलिका, लिव्हर, स्वादुपिंड, आतडी सगळं येतं त्या लेखात. 'जठरांत्र' लिहिलं तर लिव्हर बाहेर राहतं, 'पचनसंस्थेचे कॅन्सर' करा, आणि अनेकवचनच ठेवा.