मदत हवी आहे: पायाच्या नळीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या जखमेवर व्हॅक की रोजचं ड्रेसिंग?

प्रश्न (नागपूर): पायाच्या नळीचं (नडगीच्या हाडाचं) उघडं फ्रॅक्चर, बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेरून धरणारी चौकट). डिब्राइडमेंट (मेलेला भाग काढून सफाई) झालंय, जखम साधारण 12 बाय 8 सेंमी, तळाशी थोडं हाड उघडं. नातेवाईक विचारतात, व्हॅकचा (जखमेत फोम, वर चिकट फिल्म आणि मशीननं ओढ देणारं बंद ड्रेसिंग) खर्च करावा का? दुसरी अडचण म्हणजे वॉर्डातल्या उकाड्यात पिनांजवळची फिल्म दोन तासांत सुटते आणि मशीन लीक दाखवत राहतं.

प्रतिसाद 1: जंतुसंसर्ग टळेल म्हणून व्हॅक लावा, असं नातेवाइकांना सांगू नका. पायाच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरवरची ब्रिटनमधली वुल्फ चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 460 रुग्ण होते. खोल संसर्ग व्हॅकच्या गटात 7.1 टक्के, साध्या ड्रेसिंगच्या गटात 8.1 टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. वर्षभरानंतरच्या अपंगत्वातही नाही. व्हॅकने स्राव ओढला जातो, ड्रेसिंग रोज न बदलता 48 ते 72 तासांनी बदलता येतं, रुग्णाचे हाल कमी होतात. एवढ्यासाठी घरच्यांनी कर्ज काढू नये. साधं ड्रेसिंग करायचं तर सलाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉज सैल भरा, वर जाड पॅड ठेवा. बदलण्याआधी अर्धा तास वेदनाशामक द्या आणि चिकटलेला गॉज ओढू नका, आधी भिजवा.

प्रतिसाद 2: लीक बहुतेक वेळा घामामुळे आणि पिनांच्या कडेनं होतं. केस कापा, भोवतालची धड त्वचा स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करा, टिंक्चर बेंझॉइन (फिल्म पक्की चिकटवणारं द्रव) लावा आणि ते चिकट होईपर्यंत थांबा. घाई इथेच नडते. फिल्मचा एकच मोठा तुकडा नको, पट्ट्या लावा, धड त्वचेवर 3 ते 5 सेंमी येऊ द्या. प्रत्येक पिनेला दोन्ही बाजूंनी पट्टी आणून चिकट बाजू एकमेकींवर दाबा, उरलेल्या फटीत स्टोमा पेस्ट (स्टोमाच्या पिशवीभोवतीची फट बुजवणारी पेस्ट) भरा. पायाभोवती पूर्ण वेढा मात्र घालू नका, रक्तपुरवठा अडतो.

फोम जखमेवर धरून कापू नका, कण आत पडतात. किती तुकडे भरले ते फिल्मवर लिहा, एखादा आत राहिला तर तिथूनच पू होतो. मशीनचा दाब उणे 125 मिमी पारा, सलग. फार दुखत असेल तर 75 ते 100. वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर दोन तासांच्या आत फोम काढून ओला गॉज ठेवा. आत कुजलेलं मांस किंवा उघडी रक्तवाहिनी असेल तर व्हॅक लावूच नका. मशीनच्या स्राव जमणाऱ्या डब्यात लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद, जखमेवर दाब, सर्जनला फोन.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हाडावर पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) नाही. व्हॅकवर दोन-तीन आठवडे काढून मग त्वचारोपण करावं का?

प्रतिसाद 1: नाही. उघड्या कोरड्या हाडावर त्वचा धरत नाही, फ्लॅपच (रक्तपुरवठ्यासकट सरकवलेली त्वचा किंवा स्नायू) लागेल, आणि तोही शक्यतो आठवड्याच्या आत. व्हॅक तोवरची सोय आहे. प्लास्टिक सर्जनशी आजच बोला. तुमच्याकडे नसतील तर मेडिकलला (नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) रेफर करा.