टेनिस बघताना वही हवी की नुसते डोळे?

तापीकाठ, भुसावळ
सेट संपल्यावर टीव्हीवर येणाऱ्या आकड्यांवरून सामना कळतो, हा समज सोडा. २०२५ ची पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, फायनल घ्या. सिनरने १९३ पॉइंट जिंकले, अल्काराझने १९२, आणि चषक अल्काराझने उचलला. बेरजेला 'किती' कळतं, 'कधी' कळत नाही.

म्हणून साधी वही घ्या. एका गेमला एक ओळ. प्रत्येक पॉइंटला तीन खुणा: सर्व्हिस पहिली की दुसरी, पडली कुठे (बाजूच्या रेषेकडे, अंगावर की मधल्या रेषेवर), आणि पॉइंट कमावला की समोरच्याने घालवला. ब्रेक पॉइंटला, म्हणजे जो गेला की सर्व्हिस करणारा गेमच हरतो त्या पॉइंटला, गोल करा. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात, तेवढ्यात होतं.

आता गोल बघा. १५-४० सोडला तर ०-४०, ३०-४०, ४०-४० नंतरचा ॲडव्हान्टेज हे सगळे ब्रेक पॉइंट डाव्या बाजूने खेळले जातात. तिथून डावखुऱ्याची बाहेर वळणारी सर्व्हिस उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला जाते, आणि तीही नेमकी अडचणीच्या वेळी. नदालच्या खेळात ही ताकद किती मोठी होती, ते वहीत उतरवल्यावर कळतं.

पांझरा, धुळे
भाऊ, नाही पटलं. मान वहीत गेली की पाय दिसत नाहीत, आणि टेनिस पायांत आहे. तुम्ही शेवटचा फटका लिहिता, पण पॉइंट त्याआधीच दोन-तीन फटके बिघडलेला असतो.

कॅमेरा बेसलाइनच्या (कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या) मागे, उंचावर असतो. त्यामुळे कोर्टाची लांबी दबलेली दिसते. सर्व्हिस लाइन (सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते ती रेषा) आणि बेसलाइन यांत चांगलं १८ फूट अंतर आहे, पडद्यावर ते चिमूटभर वाटतं. चेंडू किती खोल पडला हे चेंडूकडे बघून कळायचं नाही. समोरचा पुढे सरकून मारतोय की मागच्या पायावर रेलून, ते बघा. दुसऱ्या सर्व्हिसला रिसीव्हर, म्हणजे ती परतवणारा, बेसलाइनच्या आत उभा राहतो की तीन मीटर मागे, तेही बघा. मागे राहिला तर वेळ मिळतो, पण बाजू उघडी पडते. हे तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं?

तापीकाठ
चौथी खूण करू: 'मा', मागच्या पायावर. पण नुसत्या डोळ्यांना गाजलेलं तेवढंच आठवतं, ताई. २०१९ च्या विम्बल्डन फायनलचं नाव काढा, जो तो ८-७, ४०-१५ वरचे फेडररचे दोन मॅच पॉइंट सांगतो. सामन्यातले तिन्ही टायब्रेक (सेट बरोबरीत अडकल्यावरचे निर्णायक गेम) जोकोविचने घेतले, हे किती जण सांगतात?

सातपुडा, शहादा
'घालवला' ही खूणही शेवटी लिहिणाऱ्याचं मत असते. अनफोर्स्ड एररचं, म्हणजे दबाव नसताना झालेल्या चुकीचं, तेच. दोघांच्या वह्या जुळणार नाहीत.

आणि आपल्याकडचं एक. जूनच्या वादळात वीज जातेच, तेव्हा टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. मोबाईलवर स्कोअर उघडू नका. स्ट्रीमिंग मागे चालतं, पॉइंट आधीच फुटतो.

पांझरा
लिहायचंच असेल तर बाजू बदलताना खेळाडू ९० सेकंद बसतात, तेव्हा लिहा. खेळ चालू असताना नको.

तापीकाठ
सेटच्या पहिल्या गेमनंतर खेळाडू बसत नाहीत. म्हणजे तिसऱ्या गेमपर्यंतचे पंधरा-वीस पॉइंट डोक्यात ठेवायचे. प्रत्येक सर्व्हिस कुठे पडली, हे इतका वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी पॉइंटागणिकच लिहिणार.