मदत हवी आहे: स्टर्नड्राइव्हवर हायड्रोफॉइल बसवावे का?

खाडीप्रवासी (बेलापूर):
नमस्कार. माझी २० फुटी स्टर्नड्राइव्ह बोट (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर) बेलापूरच्या खाडीत उभी असते. वेग घेताना तिची नाळ (पुढचे टोक) इतकी उचलली जाते की समोरचे बोये आणि डोलजाळ्यांचे खुंट काही क्षण दिसतच नाहीत. ड्राइव्हवर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्यावर हायड्रोफॉइल, म्हणजे दोन बाजूंना पसरलेले छोटे पंख, बसवले की हा त्रास जातो, असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे. भोके पाडून बोल्ट आवळायचे, अर्ध्या तासाचे काम. रविवारी मांडव्याला जायचे असल्यामुळे बसवावे की नाही एवढेच सांगावे. प्राथमिक धडे कृपया नकोत.

इंजिनवाला (ठाणे):
इंजिन कोणते, ड्राइव्ह कोणता, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो हिशेबाने जितके इंच पुढे सरकावा ते अंतर) किती, माणसे किती आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. त्यावाचून होकार किंवा नकार देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

नेरूळचा धक्का:
बिनधास्त बसवा. माझ्या ४० अश्वशक्तीच्या आउटबोर्डवर (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनावर) फॉइल आहे. त्याचे दोन पंख पाण्याला खाली दाबतात, त्यामुळे बोटीची मागची बाजू उचलली जाते आणि नाळ खाली येते. कमी वेगातही बोट प्लेनिंग (पाणी न कापता त्यावरून घसरत जाणे) सोडत नाही, हा दुसरा फायदा. न बसवण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

इंजिनवाला (ठाणे):
कारण आपल्याच उत्तरात आहे: आपले यंत्र आउटबोर्ड आहे. आउटबोर्ड ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर) एखादे भोक वर चढवून लावता येतो, आणि मग बोट वेगात आली की फॉइल पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येऊन त्याचा अडथळा जवळजवळ संपतो. स्टर्नड्राइव्हची उंची ट्रान्सम कापतानाच ठरलेली असते. ती पुढे बदलता येत नाही, म्हणून फॉइल वेगातही पाण्यात ओढले जाण्याची शक्यता राहते. त्यातून वरचा वेग कमी होतो, आणि काही बोटींत मागची बाजू गरजेपेक्षा जास्त उचलली जाऊन नाळ पाण्यात रुतते व वळताना स्टिअरिंग बिथरते.

खाडीप्रवासी:
वाद नको, उत्तर हवे आहे. मर्क्रूझर ४.३ लिटर व्ही-६, अल्फा वन ड्राइव्ह. आता सांगा.

वाचनवेडा (वाशी):
हायड्रोफॉइलचा इतिहास फार रंजक आहे. इटलीच्या एन्रिको फोरलानिनी यांनी १९०६ मध्ये माजोरे सरोवरावर पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी बोट चालवली होती, आणि टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या एचडी-४ या नौकेने १९१९ मध्ये ताशी सत्तर मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. आपल्या खाडीतही अशा नौका धावाव्यात असे मनापासून वाटते.

खाडीप्रवासी:
मला बोट पाण्याबाहेर उचलायची नाही, फक्त नाळ खाली आणायची आहे.

जुना तांडेल:
आपण ज्या पट्टीला भोके पाडणार आहात तिच्याविषयी दोन शब्द. ही पट्टी पंख्यावर वरून हवा ओढली जाऊ नये यासाठी असते, बोटीचा भार उचलण्यासाठी नव्हे. ड्राइव्ह अॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचा आणि पाणी खारे, असा संयोग झाला की भोकाच्या कडेने आधी रंग फुगतो, मग नखाने खरवडता येईल अशी पांढरी पूड दिसू लागते. एका गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर मी ते फुगवटे काढले, तेव्हा खालची कड ठिसूळ झालेली होती. बसवायचेच असेल तर भोके न पाडता पट्टीला आवळून बसणारा प्रकार घ्या, आणि पंख्याच्या मागे पट्टीखाली असलेल्या झिंकच्या छोट्या फिनला तो अडत नाही ना हे पाहा. आपल्या खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि जाळ्यांच्या तुटक्या दोऱ्या भरपूर असतात. त्या अडकायला ड्राइव्हवर आणखी दोन पंख देण्यात शहाणपण नाही.

सानपाडा लाटा:
फॉइल नको, ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेला बुडापाशी बसणाऱ्या, खाली झुकवता येणाऱ्या दोन पट्ट्या) बसवा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी दाबता येत असल्यामुळे माणसे एका बाजूला बसली तरी बोट सपाट राहते. खर्च जास्त आहे हे मान्य, पण एकदाच होतो.

इंजिनवाला (ठाणे):
ट्रिम टॅब उत्तमच. परंतु मूळ दोष दुसरीकडे असेल तर तेही पैसे वाया जातील. माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे: आरपीएम किती? शिवाय निघताना आपण ड्राइव्ह पूर्ण आत (बोटीकडे झुकवून) घेता का?

खाडीप्रवासी:
ड्राइव्ह पूर्ण आतच असतो, तेवढे मला कळते. पाच माणसे, टाकी भरलेली, ओहोटी नसताना, पूर्ण थ्रॉटलला ४१००. पंखा तीन पात्यांचा, २१ पिच. बोट घेतली तेव्हापासून तोच आहे. बूड गेल्या महिन्यातच घासून घेतले आहे.

इंजिनवाला (ठाणे):
हे पहिल्याच संदेशात असते तर धागा एवढा लांबला नसता. या इंजिनासाठी पूर्ण थ्रॉटलची मर्यादा साधारण ४४०० ते ४८०० असते, आणि आपण ४१०० वर अडकला आहात. पंखा जड आहे. इंजिनाला वेग पकडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बोट नाळ वर करून पाणी ढकलत राहते. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे १९ पिचवर आपण ४४०० च्या पुढे याल. फॉइल बसवून आरपीएमचा हा प्रश्न सुटणार नाही, आणि जड पंख्यामुळे इंजिनावर येणारा ताण तसाच राहील. पंखा बदलण्याआधी मागच्या बाकाखाली काय ठेवले आहे आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी साचते का, तेही पाहून घ्या.

नेरूळचा धक्का:
मग चार पात्यांचा पंखा घ्यावा. तो मागची बाजू जास्त उचलतो, म्हणजे फॉइलचेच काम भोके न पाडता होते.

इंजिनवाला (ठाणे):
येथे मी आपल्याशी सहमत आहे. मात्र चार पात्यांचा पंखा इंजिनाला थोडा जड पडतो, म्हणून तो १९ ऐवजी १८ च्या आसपास पाहावा.

खाडीप्रवासी:
बाकाखाली दोन बॅटऱ्या, नांगर आणि जादा पेट्रोलचे डबे आहेत. नांगर आणि एक बॅटरी पुढे नेता येईल. रविवारपर्यंत चार पात्यांचा पंखा मिळणे अवघड दिसते. ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे तीन पात्यांचा १९ पिच उसना मिळेल का?

जुना तांडेल:
माझ्याकडे अॅल्युमिनियमचा आहे, उजव्या फिरकीचा, १५ दातांच्या शाफ्टला बसणारा. म्हणजे अल्फा वनला चालेल. आपल्या जुन्या पंख्यामागची थ्रस्ट वॉशर (पंख्याचा जोर शाफ्टवर पेलणारी चकती) जपून काढा, तीच परत लावायची आहे. भरतीच्या आधी धक्क्यावर या. पेट्रोलचे डबे मात्र बाकाखाली ठेवू नका. तेथे वाफ साचते.