चवड्याखालची जखम बुजते आणि पुन्हा उघडते: काढता येणारा बूट द्यावा की न काढता येणारे प्लास्टर?

पदविन्यास:

पायांच्या उपचारांचे काम करू लागून मला आता तीन वर्षे होतील. नखे कापणे, घट्टे खरवडणे, कुरूप काढणे, बुटात घालायच्या गाद्या बेतणे यावर हात बसला आहे. परंतु एका रुग्णापुढे माझे सगळे उपाय थकले आहेत, म्हणून येथील जाणत्यांना विचारतो.

रुग्ण ५८ वर्षांचे गृहस्थ असून त्यांना मधुमेह होऊन १७ वर्षे झाली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते पाहण्याचा नायलॉनचा तंतू) वाकेपर्यंत टेकवला तरी अंगठ्यावर किंवा चवड्यावर तो त्यांना एकदाही कळत नाही आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर घोट्याच्या वर गेल्यावरच जाणवते. उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, वर्षभरात ही तिसरी जखम आहे. प्रत्येक वेळी मी घट्टा काढतो, जखम स्वच्छ करून ड्रेसिंग करतो आणि पट्ट्यांनी बांधायचा, गुडघ्यापर्यंत येणारा बूट देतो. पहिल्या दोन्ही जखमा भरल्या, पण रडतखडत. या वेळी सहा आठवडे उलटले तरी जखम होती तेवढीच आहे.

गेल्या भेटीत मी तो बूट हातात घेऊन उलटा केला. बूट रोज वापरतो असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि इकडे बुटाच्या तळावरच्या खाचा जशाच्या तशा होत्या, पट्ट्याही नव्यासारख्या करकरीत. जखमेभोवतीचा घट्टा मात्र दहा दिवसांत पुन्हा जाड झाला होता, त्याच्या कडा पांढऱ्या पडून भिजल्यासारख्या दिसत होत्या. मी जरा कडक शब्दांत बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बाहेर जाताना घालतातच हो ते. घरात असं कितीसं चालणं होतं?"

न काढता येणारे प्लास्टर करावे असे माझ्या मनात आहे. माझ्या वरिष्ठांचे मत असे, की बधिर पायावर बंद प्लास्टर म्हणजे झाकून ठेवलेले संकट. आत काय चालले आहे ते रुग्णालाही कळणार नाही आणि आपल्यालाही. ही भीती किती खरी मानावी? आणि समजा जखम बुजली, तर चौथी होऊ नये म्हणून काय करावे?

टाच_चवडा:

आपल्या रुग्णाच्या पत्नींनी जे सांगितले, तेच या प्रश्नाचे मर्म आहे आणि ते मोजूनही पाहिलेले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या कमरेला एक आणि काढता येणाऱ्या बुटात दुसरे असे हालचाल मोजणारे यंत्र बसवले होते. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्यावर दिवसभरातल्या हालचालींपैकी अवघ्या २८ टक्के हालचाली बूट घालून झाल्याचे दिसले. जखम भरून आलेल्यांना दिल्या जाणाऱ्या खास पादत्राणांविषयी २०१३ मध्ये असाच एक अभ्यास झाला; त्यात घराबाहेरच्या ८७ टक्के पावलांना ती पादत्राणे पायात होती, तर घरातल्या ६१ टक्के पावलांनाच, आणि गंमत अशी की जास्त पावले घरातच पडत होती. तेव्हा आपले रुग्ण खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी "चालणे" म्हणजे बाहेर जाणे. पाणी प्यायला उठणे किंवा दार उघडायला जाणे हे कोणीच चालण्यात धरत नाही, चवडा मात्र धरतो.

कडक बोललात त्याविषयीही थोडे लिहितो. आपल्या तळव्याला खडा टोचला तर आपण न शिकवता लंगडतो आणि ते लंगडणेच जखमेचे रक्षण करते. या गृहस्थांकडून आपण अशी अपेक्षा करतो, की दुखण्याने जे काम आपोआप केले असते, ते त्यांनी दिवसाचे सोळा तास आठवण ठेवून करावे. ते कोणालाच जमत नाही. मला जमले नसते.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: प्लास्टर करा. तळव्यावर बधिरपणामुळे झालेल्या आणि चवड्यावर किंवा पायाच्या मधल्या भागात असलेल्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, न काढता येणारे साधन हीच पहिली निवड असावी, असे मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. प्लास्टर करण्याचा सराव नसेल, तर तोच बूट घालून त्यावर प्लास्टरच्या पट्टीचे एक-दोन वेढे घ्यावेत, म्हणजे तो काढता येणार नाही. २००५ च्या एका तुलनेत असा बांधून टाकलेला बूट वापरणाऱ्यांपैकी ८२.८ टक्के जणांची जखम १२ आठवड्यांत भरली, तर तसाच पण काढता येणारा बूट वापरणाऱ्यांपैकी ५१.९ टक्के जणांची. बूट तोच होता, फरक फक्त त्या वेढ्यांचा.

तळव्याला पूर्ण चिकटून बसणारे हे प्लास्टर मुळात कुष्ठरोग्यांच्या उपचारांतून पुढे आले. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी ते नंतर अमेरिकेत नेले, आणि मधुमेही पायाला त्याचा उपयोग व्हायला लागला. बोटे झडतात ती रोगाने कुजून नव्हे, तर वेदना नसल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी, हे ब्रँड यांनी हयातभर सांगितले. आपल्या रुग्णाच्या चवड्यावर तीच गोष्ट घडत आहे.

आता वरिष्ठांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे. पहिले प्लास्टर ४८ ते ७२ तासांत काढून बघावेच, कारण सूज उतरते, प्लास्टर सैल होते आणि सैल प्लास्टर आतल्या आत घासते. त्यानंतर आठवड्याला एकदा बदलावे. दुसऱ्या पायातल्या बुटाचा तळ तेवढाच उंच करून द्या, नाहीतर कंबर धरते आणि तोल जातो. आधीच तोल जाणारे किंवा पडण्याची धास्ती असलेले रुग्ण असतील तर दोनदा विचार करावा. आणि घट्टा प्रत्येक भेटीत काढत राहा. जखमेच्या कडेचा घट्टा म्हणजे बुटात राहिलेला खडाच असतो.

नाडीपरीक्षा:

मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे वरच्या प्रतिसादाशी सहमत असूनही मध्येच हात आडवा घालणे माझे कर्तव्य आहे. मूळ प्रश्नात बधिरपणाची तपासणी नीट लिहिली आहे, परंतु रक्तपुरवठ्याविषयी एक अक्षरही नाही. सहा आठवडे न हललेल्या जखमेत हा प्रश्न प्लास्टरच्या आधी सुटला पाहिजे.

घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाली आहे हे उघड आहे. परंतु मधुमेहात घोट्याजवळच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती नळीसारखी कडक होते, दाबाच्या पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा १.३ च्या वर गेला की लोक खूश होतात. तो आकडा चांगला नसतो, निरुपयोगी असतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा, कारण बोटांच्या धमन्यांत हा कडकपणा सहसा कमी असतो. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रुग्णाला प्लास्टरच्या खोलीत न नेता तातडीने आमच्याकडे पाठवा.

दुसरे, जखमेत निर्जंतुक सळई हलकेच घालून ती हाडाला टेकते का ते पाहिले आहे का? टक्क असा कठीण स्पर्श झाला तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते आणि सगळा बेतच बदलतो. जखमेत संसर्गाची लक्षणे नसतील तर मात्र "असू दे सोबत" म्हणून प्रतिजैविके देऊ नका, त्यांनी जखम लवकर भरत नाही. रक्तपुरवठा बराच कमी असताना किंवा संसर्ग वाढलेला असताना न काढता येणारे साधन नको, आणि तेवढ्यापुरते आपले वरिष्ठ बरोबर आहेत.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती वारंवार हुकते: बधिर पाय एकाएकी लाल, गरम आणि सुजलेला दिसला, जखम नसली किंवा क्षुल्लक असली, तर तो शार्कोचा पाय, म्हणजे बधिर पायातली हाडे आणि सांधे ढासळण्याचा विकार, असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष येतो, रुग्णाला संसर्गाच्या किंवा गाऊटच्या गोळ्या दिल्या जातात, तो चालत राहतो आणि दोन महिन्यांत कमान खाली बसून तळवा होडीच्या तळासारखा बाहेर येतो. अशा पायाला आधी प्लास्टर करावे आणि मग उरलेल्या तपासण्या कराव्यात.

बधिरपाय:

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. त्या बुटाच्या आत राहिलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. माझ्या डाव्या चवड्याला दोनदा जखम झाली होती. बूट जड होता, पण तो न घालण्याचे कारण ते नव्हते. रात्री लघवीला उठलो की अंधारात चार पट्ट्या बांधायच्या, आठ पावले जायचे, पुन्हा सोडायच्या. हे मी पहिल्या आठवड्यात इमानाने केले, दुसऱ्यात एकच पट्टी बांधून गेलो आणि तिसऱ्यात अनवाणी. काहीच दुखत नव्हते. जे दुखत नाही ते बिघडत आहे यावर मनापासून विश्वास ठेवणे किती कठीण आहे, हे संवेदना शाबूत असलेल्यांना सांगून कळणार नाही.

प्लास्टर झाले तेव्हा मला उलट हायसे वाटले. रोज स्वतःशी भांडणे संपले. आंघोळीची पंचाईत झाली, झोपताना पाय कुठे ठेवावा कळेना, पण दर तासाला निर्णय घ्यावा लागत नव्हता. आपल्या रुग्णाला विचारून पाहा. कदाचित ते स्वतःच हो म्हणतील.

मी चूक केली ती नंतर. जखम बुजली, डॉक्टरांनी अभिनंदन केले आणि मी त्याच दिवशी जुने बूट घातले. पुढे कधीतरी त्याच बुटात पेनाचे टोपण पडले होते, ते संध्याकाळी बूट काढल्यावर सापडले. दिवसभर मी त्यावर उभा होतो. आता बूट घालण्याआधी आत हात फिरवल्याशिवाय मी पाय घालत नाही.

टाच_चवडा:

बधिरपाय यांनी दुसऱ्या प्रश्नाला तोंड फोडले ते बरे झाले. जखम बुजणे म्हणजे बरे होणे नव्हे. बुजलेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे चौघांना वर्षभरात पुन्हा जखम होते आणि पाच वर्षांत सुमारे ६५ टक्क्यांना. अशा रुग्णाला "आता वर्षाने या" असे सांगणे मला अक्षम्य वाटते. त्याला दर एक ते तीन महिन्यांनी बोलवावे, तीच वेळ घट्टा काढण्याची आणि बूट तपासण्याची. घरी रोज दोन्ही तळव्यांच्या त्याच त्या जागांचे तापमान मोजायला शिकवता आले तर फार उत्तम. दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस राहिला, तर कातडी फुटण्याआधीच आत दाह सुरू झाला आहे असे समजावे, चालणे कमी करावे आणि आपल्याला कळवावे. घरात घालण्यासाठी पादत्राणाचा वेगळा, हलका जोड द्या.

आणखी एक तपासा: गुडघा सरळ ठेवून पाऊल वर किती उचलले जाते? पोटरी आखडलेली असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. २००३ च्या एका चाचणीत प्लास्टरसोबत घोट्यामागची, पोटरीला टाचेशी जोडणारी शीर (रक्तवाहिनी नव्हे, अकिलीस टेंडन) शस्त्रक्रियेने लांब केलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा जखम झाली, तर नुसते प्लास्टर केलेल्यांपैकी ८१ टक्क्यांना. तरीही मी ती शस्त्रक्रिया आधी सुचवणार नाही, कारण शीर गरजेपेक्षा जास्त लांबली की भार टाचेवर जातो, आणि टाचेची जखम चवड्याच्या जखमेपेक्षा कितीतरी हट्टी असते.

पदविन्यास:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाडीपरीक्षा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी मागे फिरलो. घोट्याचा आकडा १.४२ आला, जो मी महिन्यापूर्वी पाहिला असता तर निश्चिंत झालो असतो. अंगठ्याचा दाब ७४ मिलिमीटर भरला, सळई हाडाला टेकली नाही आणि एक्स-रेमध्ये काही आढळले नाही. पोटरी मात्र बरीच आखडलेली आहे; तिचा विचार नंतर करू. वरिष्ठांना हे आकडे दाखवल्यावर त्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतः हजर राहण्याच्या अटीवर संमती दिली. रुग्णाला मी आधी झालेल्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि निवड त्यांच्यावर सोडली. त्यांनी क्षणभरही विचार न करता प्लास्टर मागितले.

आज तिसऱ्या दिवशी ते उघडले. आत काही घासलेले नव्हते, जखमेच्या कडा कोरड्या आणि गुलाबी होत्या, पांढरा भिजलेला काठ नाहीसा झाला होता. दुसरे प्लास्टर घालण्याआधी मी पहिल्याचा तळ उलटा करून पाहिला. तीन दिवस ते घराबाहेर पडले नव्हते, आणि चालण्यासाठी खाली लावलेले रबर एका कडेने झिजून गेले होते. ते मी त्यांच्या पत्नींच्या हातात दिले.